वृद्धाश्रमाचा कारभार: रात्रपाळीपासून विश्वस्तांच्या बैठकीपर्यंत

ठाणे आणि नवी मुंबईतले बरेचसे छोटे वृद्धाश्रम एका माणसाच्या जिद्दीवर उभे राहतात. जागा त्याची, ओळखी त्याच्या, देणगीदार त्याचे. त्यामुळे डायपरचा खोका मागवण्यापासून आजोबांना हॉस्पिटलात हलवण्यापर्यंत प्रत्येक गोष्टीला एकच उत्तर मिळते, ‘सरांना विचारून सांगते.’ पंधरा-वीस निवासी असेपर्यंत हे निभते. तीस निवासी झाले, त्यातले दहा अंथरुणाला खिळलेले असले, आणि रात्री दोन वाजता कोणाला दम लागला असताना सरांचा फोन बंद असला, की त्या एका वाक्याची किंमत कळते. कोणता निर्णय कोणी, कोणाला न विचारता घ्यायचा, हे आधी लिहून ठेवणे म्हणजेच कारभार. खालचा सगळा हिशोब ३० निवासी आणि त्यातले १० अंथरुणावर असे धरून केला आहे. तुमचे आकडे त्या प्रमाणात बदला.

आधी हद्द आणि कागद

नवी मुंबई बोलण्यात एक असली तरी सरकारी दप्तरात नाही. ऐरोली, कोपरखैरणे, वाशी, नेरूळ, बेलापूर हे ठाणे जिल्ह्यात आणि नवी मुंबई महापालिकेत येतात. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल रायगड जिल्ह्यात आणि पनवेल महापालिकेत. उलवे रायगडात, पण पनवेल महापालिकेच्या बाहेर. पोलीस आयुक्तालय मात्र या सगळ्यांना नवी मुंबईचेच. नेरूळला मुख्य घर आणि खारघरला शाखा असेल, तर अग्निशमन, आरोग्य विभाग आणि प्रांत कार्यालय ही दोन्ही ठिकाणी वेगवेगळी, हे गृहीत धरूनच फायली लावा. एका शाखेची परवानगी दुसऱ्या शाखेला दाखवून चालत नाही.

संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली नोंदलेली संस्था महाराष्ट्रात सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंदवावी लागते. म्हणजे १९५० चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम तुम्हाला लागू आहे आणि धर्मादाय कार्यालयाशी तुमचा कायमचा संबंध आहे. कपाटातली संस्थेची घटना बाहेर काढा आणि त्यात चार गोष्टी शोधा: विश्वस्तांची संख्या, त्यांची मुदत, गणपूर्ती (बैठकीला किमान किती जण हवेत), आणि रिकामी जागा कशी भरायची. नव्वद टक्के भांडणे या चार कलमांभोवतीच फिरतात, असे म्हटले तर फार चूक होणार नाही.

विश्वस्त बदलला, वारला, राजीनामा देऊन गेला, तर ९० दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे त्या बदलाची सूचना, धर्मादाय कार्यालयात दाखल करायचा असतो. हे काम ‘पुढच्या बैठकीत बघू’ म्हणून सर्वांत जास्त रखडते. परिणाम लगेच दिसत नाही, म्हणून कोणी घाई करत नाही. मग एक दिवस बँक नव्या खजिनदाराची सही मान्य करत नाही, कारण धर्मादाय नोंदीत अजून जुनीच नावे आहेत, आणि पगाराची तारीख तोंडावर आलेली असते. न्यासाची स्थावर मालमत्ता विकायची असेल, किंवा इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीने भाड्याने द्यायची असेल, तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. नंतर घेतो म्हणून व्यवहार करून टाकू नका.

आणखी एक प्रश्न सुरुवातीलाच सोडवा. तुम्ही निवास, जेवण आणि देखभाल देता, की आजारी माणसांवर उपचार आणि शुश्रूषाही करता? दुसरे असेल तर शुश्रूषागृह म्हणून महापालिकेच्या आरोग्य विभागात नोंदणीचा विषय येतो. मानसिक आजार असलेल्यांना ठेवून त्यांची काळजी घेत असाल, तर २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा पाहावा लागतो. माहितीपत्रकावर ‘आयसीयूसारखी सोय’ छापायची आणि नोंदणी मात्र साध्या निवासाची ठेवायची, हा खेळ पहिल्या गंभीर तक्रारीत उघडा पडतो.

विश्वस्त मंडळ कसे असावे

सात जण पुरतात. त्यात एक डॉक्टर, एक हिशेब कळणारा, एक वकील किंवा निवृत्त प्रशासकीय अधिकारी, आणि निवाशांच्या नातेवाइकांपैकी एक असावा. निदान तीन स्त्रिया असाव्यात. वृद्धाश्रमात आज्यांची संख्या बहुधा जास्त असते आणि त्यांच्या न्हाणीघरापासून कपड्यांपर्यंतचे प्रश्न पुरुषांच्या बैठकीत निघतच नाहीत. एकाच कुटुंबातले दोनपेक्षा जास्त नकोत. विश्वस्ताच्या मेव्हण्याचे किराणा दुकान असेल तर तिथून माल घ्यायला हरकत नाही, पण तसे एका वहीत लिहा, दुसऱ्या दोन दुकानांचे दर मागवा, आणि ठराव होताना त्या विश्वस्ताने बाहेर बसावे. इतिवृत्तात ‘अमुक बाहेर बसले’ एवढे तीन शब्द असले, की पुढची दहा वर्षे कोणी बोट दाखवू शकत नाही.

बैठक दर महिन्याला, दोन तासांची. इतिवृत्तात चर्चा लिहू नका. निर्णय, जबाबदार व्यक्ती आणि तारीख एवढेच लिहा. पुढच्या बैठकीचा पहिला विषय म्हणजे मागच्या तारखांचे काय झाले.

अधिकारांची पाटी

हा सगळ्या कामाचा कणा. एका पानावर बसेल एवढाच तक्ता करा, ठरावाने मंजूर करा, आणि ऑफिसात नव्हे तर नर्सिंग टेबलाच्या वर लावा.

पाळीप्रमुख (रात्री असेल ती सिस्टर किंवा ज्येष्ठ मावशी) हिला कोणाला न विचारता करता येईल अशा गोष्टी: १०८ ला फोन करणे, निवाशाला हॉस्पिटलात पाठवणे, बदली माणूस बोलावणे, हातातल्या ३,००० रुपयांतून खर्च करणे, संशयास्पद पाहुण्याला दारातून परत पाठवणे. ‘हॉस्पिटलात पाठवले आणि काही निघाले नाही’ यासाठी तिला कधीही बोलणी बसणार नाहीत, हे वाक्य तक्त्यावरच लिहा. ते नसेल तर रात्री ती सकाळ होण्याची वाट पाहत बसेल.

व्यवस्थापकाचे अधिकार: २५,००० रुपयांपर्यंतची खरेदी, कामगारांची नेमणूक आणि समज देणे, प्रवेश देणे किंवा नाकारणे, स्वयंपाकाचा आठवड्याचा तक्ता (निवाशांच्या समितीशी ठरवून), डॉक्टरांच्या भेटी. मंडळाचेच अधिकार: शुल्क आणि अनामत ठरवणे, एखाद्या निवाशाला घर सोडायला सांगणे, व्यवस्थापकाला नेमणे किंवा काढणे, ठेवी, इमारतीतले बदल, मोफत जागा किती.

रकमा तुमच्या ऐपतीप्रमाणे ठेवा, पण उलटा नियमही लिहा: विश्वस्ताने स्वयंपाकघरात जाऊन परस्पर सूचना द्यायची नाही आणि मावशीला परस्पर रजा द्यायची नाही. त्याला काही दिसले तर ते व्यवस्थापकाला सांगायचे. संस्थापकाला हा नियम सर्वांत जड जातो, आणि तो मोडला की आठवड्याभरात कामगार व्यवस्थापकाचे ऐकणे बंद करतात. दोन मालक असलेल्या घरात नोकर तिसऱ्याचेच ऐकतात.

व्यवस्थापक गैरहजर असताना प्रभारी कोण, त्याचे नावही तक्त्यावर असावे. ‘कोणीतरी बघेल’ हे नाव नव्हे.

प्रवेश: इथेच पुढच्या तक्रारी पेरल्या जातात

मुलगा येतो, कागद भरतो, आई शेजारी गप्प बसलेली असते. तिला वेगळ्या खोलीत बसवून तिच्याशीच बोला: इथे राहायचे तुमच्या मनात आहे का, घरी काय झाले, कोणाला फोन करावासा वाटला तर कोणाला? सही तिचीही घ्या. स्मृतिभ्रंशामुळे तिला समजत नसेल तर तसे डॉक्टरच्या लेखी मताने नोंदवा. पहिले ३० दिवस दोन्ही बाजूंनी चाचणीचे ठेवा.

करारात पुढील गोष्टी स्पष्ट हव्यात. शुल्कात काय येते आणि काय नाही: डायपर, फिजिओ, अल्फा बेडचे (पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून वापरायच्या हवेच्या गादीचे) भाडे, हॉस्पिटलात सोबत बसणाऱ्या माणसाचा पगार. यातला शेवटचा मुद्दा लिहायचा राहतो आणि त्यावरूनच भांडण होते. शुल्कवाढ कधी आणि किती आधी कळवून. अनामत किती दिवसांत परत. ३० दिवस हा वाजवी काळ. अनामतीचे पैसे वेगळ्या मुदत ठेवीत ठेवा. त्यातून पगार भागवले तर एका महिन्यात तीन मृत्यू झाल्यावर तीन घरांचे पैसे द्यायला हात रिकामे असतात. संपर्काचे दोन नंबर, त्यातला एक याच शहरातला. तातडीत नातेवाईक फोन उचलत नसेल तर निर्णय कोणाचा, आणि कोणत्या हॉस्पिटलात न्यायचे. घोडबंदर रोडवरच्या घराने मानपाडा-कासारवडवलीच्या बाजूचे जवळचे हॉस्पिटल पहिले लिहावे. माजिवड्याच्या कोंडीत रुग्णवाहिका अडकली की लांबच्या ‘चांगल्या’ हॉस्पिटलाचा काही उपयोग नसतो.

एक नियम अपवादाशिवाय पाळा. विश्वस्त, व्यवस्थापक, कामगार आणि त्यांचे घरचे यांनी कोणत्याही निवाशाकडून भेट, उसने पैसे, मुखत्यारपत्र किंवा मृत्युपत्रातला वाटा घ्यायचा नाही. संस्थेला देणगी द्यायची असेल तर निवाशाने बाहेरच्या वकिलाचा सल्ला घ्यावा आणि संस्थेने ती पावती देऊनच घ्यावी.

पैसे थांबले आणि नातेवाईक गायब झाले तर? आधी फोन, मग दोन लेखी पत्रे, मग २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ आणि कल्याण अधिनियमाखाली प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात अर्ज. ज्येष्ठ स्वतः अर्ज करू शकत नसतील तर त्यांनी अधिकृत केलेली व्यक्ती किंवा संस्था करू शकते. निर्वाह रक्कम दरमहा १०,००० रुपयांपर्यंत मिळू शकते, आणि ज्येष्ठाला टाकून देणे हा तीन महिन्यांपर्यंतच्या कैदेचा किंवा ५,००० रुपयांपर्यंतच्या दंडाचा गुन्हा आहे, किंवा दोन्ही होऊ शकतात. सांभाळाच्या अटीवर घर मुलाच्या नावे केले असेल आणि तो सांभाळत नसेल, तर कलम २३ खाली ते बक्षीसपत्र रद्द करून मागता येते. १४५६७ ही ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइनही मार्ग सांगते. निवाशाचे सामान दाराबाहेर ठेवणे हा मार्ग नव्हे.

माणसे किती लागतात, याचा खरा हिशोब

‘रात्री दोन मावश्या आहेत’ म्हणायला दोनच माणसे नेमून भागत नाही. एक जागा चोवीस तास भरलेली ठेवायची तर आठ तासांच्या तीन पाळ्या, आठवड्याला २१ पाळ्या. एक माणूस आठवड्याला सहा पाळ्या करतो, म्हणजे साडेतीन माणसे. त्यात रजा, आजारपण, गणपती आणि मे महिन्यात गावाला जाणे धरले की साडेचार. अंथरुणावरच्या दहा जणांसाठी दिवसा दोन आणि रात्री दोन मावश्या सतत हव्यात, तर नऊ माणसे पगारावर लागतात. बहुतेक घरे पाच ठेवतात आणि बारा तासांच्या पाळीने भागवतात. सहा दिवस बारा तास म्हणजे आठवड्याला ७२ तास. ४८ तासांवरच्या वेळेचा ओव्हरटाइम दुप्पट दराने, तो कोणी धरत नाही. पण कायदा बाजूला ठेवला तरी दहाव्या तासाला मावशी अंथरुणावरच्यांची दर दोन तासांनी कूस बदलण्याचे काम सोडते, आणि माकडहाडावर लाल डाग दिसू लागतो. पाठीवरची जखम हे बहुधा मनुष्यबळाच्या तक्त्यातले भोक असते.

ब्युरोकडून (मावश्या पुरवणाऱ्या एजन्सीकडून) आलेल्या माणसांची ओळखपत्रे, पोलीस पडताळणी आणि याआधी जिथे काम केले त्या घराला केलेला फोन, या तिन्ही नोंदी तुमच्या फायलीत हव्यात. ब्युरोने ‘केले आहे’ म्हटले तेवढे पुरत नाही. ब्युरोची बदली माणसे रोज नवी येत असतील तर त्यांना एकट्याने औषध किंवा ट्यूब फीडिंग (नळीतून अन्न) द्यायचे नाही. दहा किंवा त्याहून जास्त कामगार असतील तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाविरुद्ध अंतर्गत समिती लागते: अध्यक्ष स्त्री, निम्म्याहून कमी स्त्रिया चालत नाहीत, एक सदस्य बाहेरचा. रात्रपाळी करणाऱ्या बायकांच्या घरात ही समिती कागदावर ठेवून चालत नाही.

पाळी बदलताना १५ मिनिटे दोन्ही पाळ्या एकत्र हव्यात. चार्ज पलंगापाशी उभे राहून द्यायचा, टेबलापाशी बसून नाही. प्रत्येक निवाशाच्या पाच गोष्टी: खाल्ले किती, लघवी-शौच, नवीन औषध, त्वचा, मन. ‘ठीक आहे’ हा शब्द चार्जच्या वहीत बंद करा.

औषधे

चुका इथे होतात, आणि ठरलेल्या जागीच होतात.

पहिली जागा म्हणजे हॉस्पिटलातून परत आल्याचा दिवस. डिस्चार्ज कार्डावर नवी ब्रँड नावे असतात, कपाटात जुनी पाकिटे असतात. दोन्हींत तेच औषध असते आणि दोन्ही दिली जातात. मग रक्तदाब कोसळतो किंवा शुगर ४५ वर येते. म्हणून घरी आल्यापासून २४ तासांत जुन्या आणि नव्या यादीतली मूळ औषधाची नावे (ब्रँडची नव्हे) एकमेकांशी पडताळून, डॉक्टरची सही घेऊन, नवा तक्ता लावायचा. जुनी पाकिटे त्याच दिवशी कपाटाबाहेर.

दुसरी जागा म्हणजे आठवड्याच्या गोळ्या एकदम डबीत भरणे. ते एकीने भरावे आणि दुसरीने तक्त्यावरून तपासून सही करावी. गोळी दिल्यावर लगेच सही, शेवटी बसून सगळ्या सह्या नाही. एकाच पेनाने, एकाच वळणात केलेल्या तीस सह्या पाहिल्या की काय झाले ते विश्वस्तालाही कळते.

तिसरी जागा फ्रिज. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये. फ्रीझरला टेकलेली कुपी गोठली तर ती फेकायची, वितळवून वापरायची नाही. उघडलेल्या कुपीवर तारीख लिहायची. साधारणपणे २८ दिवसांनी ती बाद, पण माहितीपत्रक पाहून खात्री करा. फ्रिजमध्ये थर्मामीटर, दिवसातून दोनदा नोंद. स्वयंपाकघरातल्या फ्रिजमध्ये कोथिंबिरीशेजारी इन्सुलिन ठेवू नका. तो दिवसभर उघडला जातो.

आणि या सगळ्यात कारभार कुठे येतो? चूक सांगणाऱ्याचा पगार कापायचा नाही, या ठरावात. चूक झाली की २४ तासांत एका पानाची लेखी नोंद: काय दिले, काय द्यायचे होते, कधी कळले, निवाशाला काय झाले, कोणाला कळवले. सहा महिने औषधाची एकही चूक नोंदली गेली नाही, असा अहवाल आला तर खूश होऊ नका. चुका थांबलेल्या नसतात, सांगणे थांबलेले असते.

पडणे, बांधणे, कॅमेरे

निवासी पडला की वेळ, जागा, पायात काय होते, दिवा होता का, शेवटी कोणी पाहिले, हे लिहायचे. घरच्यांना तासाभरात कळवायचे. डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर बाहेरून काही दिसत नसले तरी हॉस्पिटलात. महिन्याच्या शेवटी सगळ्या घटना घड्याळावर मांडून बघा. बऱ्याचदा त्या पहाटे चार ते सहा आणि संडासच्या वाटेवर जमलेल्या सापडतात. मग उपाय स्वस्त निघतो: पलंगाच्या पायथ्याशी रात्रीचा दिवा, संडासात दोन्ही बाजूंना धरायचा दांडा, साडेतीनला एक फेरी. पावसाळ्यात दारात ओल्या छत्र्या आणि फरशीवरचे पाणी हा वेगळा धोका.

पलंगाला हात बांधणे हा ‘सुरक्षेचा’ उपाय मानू नका. डॉक्टरने लेखी सांगितल्याशिवाय, वेळ ठरवल्याशिवाय आणि घरच्यांना कळवल्याशिवाय ते कोणीही करायचे नाही, आणि मंडळाला प्रत्येक वेळी कळले पाहिजे. सीसीटीव्ही पॅसेज, दार, औषधाचे टेबल, स्वयंपाकघर इथे ठीक. खोल्यांत आणि न्हाणीघरात नाही.

मंडळाला दरमहा काय दाखवायचे

एक पान. नवीन दाबजखमा, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा (इथे झालेल्या वेगळ्या, घरून किंवा हॉस्पिटलातून घेऊन आलेल्या वेगळ्या). पडण्याच्या घटना. हॉस्पिटलात गेलेले. महिन्यात वजन ५ टक्क्यांनी किंवा सहा महिन्यांत १० टक्क्यांनी घटलेले निवासी. ५० किलोच्या आजीचे अडीच किलो कमी झाले तरी तिचे नाव यादीत हवे. त्यासाठी दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यांचे वजन करा, उभे राहता येत नसेल तर खुर्चीच्या वजनकाट्यावर. औषधचुका, तक्रारी, सोडून गेलेले कामगार, रिकाम्या जागा, थकलेले शुल्क.

शुल्काचा हिशोब बोलायला लोक लाजतात, म्हणून एकदा मांडूनच टाकू. महिन्याचा खर्च साडेसात लाख असेल तर ३० जणांत तो माणशी २५,००० होतो. पण चार जण मोफत आहेत आणि सरासरी दोन जागा रिकाम्या असतात. मग भरणारे २४ आणि माणशी खर्च ३१,२५०. हा सव्वासहा हजारांचा फरक देणगीतून येणार की शुल्कातून, हे मंडळाने वर्षाच्या सुरुवातीला ठरवायचे असते. ते ठरवले नाही तर फरक जेवणातून आणि मावश्यांच्या संख्येतून निघतो.

निवाशांचा आवाज

तक्रारपेटी दारापाशी लावून काम झाले असे समजू नका. अंथरुणावरच्या माणसाचा हात तिथे पोचत नाही. दर महिन्याला एका विश्वस्ताने न सांगता यावे, कामगारांना बाहेर ठेवून तीन निवाशांशी बोलावे, आणि त्यात एक तरी असा असावा ज्याला भेटायला कोणी येत नाही. वर्षातून चार वेळा ही फेरी रात्री अकरानंतर. तक्रारीला सात दिवसांत उत्तर, आणि काय केले ते फलकावर, नाव न लिहिता.

निवाशांची समिती महिन्यातून एकदा बसावी आणि तिला खरा अधिकार द्यावा: स्वयंपाकाचा तक्ता, टीव्हीची वेळ, सहल. श्रावणात मांसाहार बंद ठेवायचा का, हा प्रश्न मंडळाने परस्पर सोडवू नये. आषाढी एकादशीला मधुमेही आजीला साबुदाण्याची खिचडी द्यायची तर किती आणि सोबत दाणे-दही किती, हे डॉक्टरला विचारून आधी ठरवा. उपास धरू नका म्हणून सांगितले तर ती लपून धरते आणि इन्सुलिन मात्र पूर्ण घेते.

वाढदिवसाचे जेवण हा या शहरांतला खास विषय. देणगीदार श्रीखंड-पुरी घेऊन येतात, फोटो काढतात, एका रविवारी तीन तुकड्या येतात. नियम असा ठेवा: आठवड्यात दोनच, चार दिवस आधी नोंद, पदार्थ आपल्याच स्वयंपाकघरात किंवा अन्न परवाना असलेल्या केटररकडून, शिजल्यापासून चार तासांच्या आत वाढणे, आणि प्रत्येक पदार्थाचा नमुना फ्रिजमध्ये ४८ तास. फोटो फक्त ज्यांनी लेखी हो म्हटले आहे त्यांचेच. देणगीदार नाराज होतात, पण पुन्हा येतात. जे चेहऱ्यांच्या फोटोशिवाय येत नाहीत त्यांच्यावर महिन्याचे अंदाजपत्रक उभे करू नका.

निवाशांचे पैसे

पेन्शन काढून देणे, किरकोळ खरेदी, यासाठी प्रत्येकाची वेगळी वही आणि दोन सह्या. एटीएमचा पिन कोणत्याही कामगाराकडे नसावा. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी घरीच सोय करा; केंद्र सरकारच्या ८० वर्षांवरील निवृत्तांना तो १ ऑक्टोबरपासून देता येतो. बोटांचे ठसे झिजलेल्यांना चेहरा ओळखून दाखला देण्याची मोबाइलची सोय उपयोगी पडते. संस्थेच्या बाजूला रोख देणगी त्याच दिवशी पावतीवर. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला प्राप्तिकरात सवलत मिळत नाही हे देणाऱ्याला आधी सांगा.

आग, वीज, पाणी

२००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे आग विझवण्याची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला (‘ब’ नमुना) परवानाधारक एजन्सीकडून दरवर्षी जानेवारी आणि जुलैत द्यायचा. पण खरा प्रश्न कागदापलीकडचा आहे: रात्री दोन मावश्या अंथरुणावरच्या दहा जणांना किती मिनिटांत बाहेर काढतात? ड्रिल दिवसा पूर्ण ताफ्यानिशी करू नका, रात्रीच्याच संख्येने करा. चादरीसकट ओढत नेण्याचा सराव करा. अंथरुणावरचे सगळे तळमजल्यावर हवेत. पण कळव्याच्या किंवा खाडीकडच्या सखल भागात तळमजल्यावर पाणी शिरत असेल, तर पहिल्या मजल्यावर आणि रॅम्पची सोय. हा पेच प्रत्येक इमारतीने स्वतःच सोडवायचा आहे.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढून देणारे यंत्र) साधारण ३५० वॉट खातो. १५० एएचची (अँपिअर-अवर) एक इन्व्हर्टर बॅटरी कागदावर चार तास चालवते, जुनी झाली की तीनही नाही. म्हणून बी टाइपचा सिलिंडर (सुमारे १,५०० लिटर) भरलेला हवा. मिनिटाला दोन लिटरने तो बारा तास पुरतो, पाच लिटरने पाचच. पाण्याला माणशी रोज १३५ लिटर धरले तर ३० जणांना चार हजार लिटर, अंथरुणावरच्यांच्या चादरी धुण्याचे वेगळे. दुरुस्तीसाठी ठाण्यात चोवीस तास पाणी बंद राहते तेव्हा त्यानंतरचा दिवसही कमी दाबाचा असतो, म्हणून दोन दिवसांचा साठा ठेवा.

वापरलेल्या सुया पांढऱ्या पंक्चर न होणाऱ्या डब्यात, कॅथेटर (लघवीच्या नळ्या) आणि युरिन बॅगा लाल पिशवीत, रक्त-पू लागलेले ड्रेसिंग पिवळ्या पिशवीत, आणि ते ४८ तासांहून जास्त ठेवायचे नाही.

मृत्यू

प्रवेशाच्या पहिल्या महिन्यातच शांतपणे विचारून ठेवा: हॉस्पिटलात हलवायचे की इथेच, विधी कोणते, नेत्रदान-देहदान, कोणाला आधी कळवायचे. ज्यांना जीवनेच्छापत्र (शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधी लिहून ठेवणे, लिव्हिंग विल) करायचे आहे त्यांना दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर ते करता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ही पद्धत सोपी केली. इथेच मृत्यू झाला तर नेहमीच्या डॉक्टरने तपासून मृत्यूच्या कारणाचा दाखला द्यायचा, आणि नोंद २१ दिवसांच्या आत. पडून, भाजून, संशयास्पद रीतीने मृत्यू झाला तर दाखल्याची घाई न करता आधी पोलीस. कपाटातल्या वस्तूंची यादी दोघांसमोर करून मगच नातेवाइकांच्या हाती द्या. अंगठी हरवल्याचा आळ सर्वांत गरीब मावशीवर येतो.

संस्थापकाशिवाय

अंदाजपत्रक नवे वर्ष लागण्याच्या महिनाभर आधी, ऑडिट सप्टेंबरअखेरपर्यंत, ही वर्षाची चौकट सगळ्यांना पाठ असते. तिच्यात आणखी एक तारीख घाला. वर्षातून एकदा संस्थापकाने, आणि दुसऱ्या वेळी व्यवस्थापकाने, सलग पंधरा दिवस सुट्टी घ्यायची, फोन न उचलता. त्या काळात जे जे काम अडले, ज्याची चावी सापडली नाही, ज्या डॉक्टरचा नंबर कोणाकडे नव्हता, जी सही फक्त त्यांचीच चालत होती, ते सगळे प्रभारीने रोज वहीत लिहायचे. परत आल्यावर पहिल्या बैठकीत ती वही वाचायची आणि अधिकारांचा तक्ता त्याप्रमाणे दुरुस्त करून पुन्हा टेबलावर लावायचा.